बियाला धरलेला दुध्या

१

उन्हं वेशीवर यायच्या आत परसाला पाणी घालून माघारी फिरायचं, हा दुर्गाबाईचा नेम गाव उठून गेलं तरी मोडला नव्हता.

गाव उठलं ते गाठीच्या तापानं. मार्गशीर्ष लागता लागता चावडीच्या आढ्यातून उंदीर पडले, आठ दिवसांत दोन माणसं गेली आणि उरलेल्यांनी भांडीकुंडी उचलून ओढ्यापलीकडच्या माळावर खोपी घातल्या. गाव रिकामं झाल्यावर तिसऱ्या दिवशी तालुक्याचा कारकून गाव रिकामं करायचा हुकूम घेऊन आला. नाकाला रुमाल लावून, घोड्यावरून न उतरता त्यानं तो वाचला. टोचणीचा डॉक्टर परवा येतो, असं सांगितलं. ते फसली तेराशे चौतीस साल होतं. तो परवा काही त्या सालात आला नाही. कागदावर ‘साधा ताप’ अशी नोंद झाली. साध्या तापासाठी वेशीला आडवा दोर लागला आणि दोराशी लालमियाँ चपराशी बसला. आजाऱ्याला औषध नाही, पण रिकाम्या घरांना पहारा, हा त्या राज्याचा बंदोबस्त.

दुर्गाबाई दोराच्या वाटेनं जातच नसे. ओढ्यातून वर चढलं की शेजारच्या खैरुनबीच्या परसाची पडकी भिंत लागे. ती ओलांडली, बोळ पार केला की आपलं परस.

सासू गोजरबाई रोज कुरकुरे. "आष्टीच्या बाजारात बी मिळतं की, दुर्गे. त्याच्यापायी मरायला जाती का?"

"बाजारातलं बी कुणाच्या घरचं, कोण सांगणार? आन मी मरायला न्हाई, पाणी घालायला जाऊन राह्यले."

"तुला काय झालं तर नंदीकडं कोण बघन? माझा कडूबा तिकडं जालन्याला कापसाच्या जिनात आडकून पडला, त्याला कुणी गावाकडं येऊ देईना. आन माझे डोळे हे असे."

सहा वर्षांची नंदी वाकळेत पालथी झोपलेली असे. तिच्या पाठीवरून हात फिरवून दुर्गाबाई निघे.

परस म्हणजे केवढं? दोन खाटा टाकल्या तर तिसरी मावायची नाही. एका कोपऱ्यात आड, न्हाणीच्या पाण्यावर एक केळ, चार वांगी, आणि मागच्या भिंतीला टेकवलेला तुराट्यांचा मांडव. मांडवावर दोडका आणि दुध्या भोपळा. पण आडातून पोहरा ओढून आळ्यात पाणी सोडलं, ते जिरताना मातीचा तो ओला वास आला की दुर्गाबाईला बाकी काही आठवत नसे. चुलीतली राख पानांवर धुरळायची, भलतीकडं निघालेला शेंडा बोटानं वळवून काडीला लावायचा, पिवळं पान खुडायचं. हात चालत राहिले की डोक्यातली भीती जरा बसायची.

दुध्याचं बी तिच्या आईचं होतं. आई गेली, भावानं परस मोडून तिथं गोठा बांधला. तो लांब मानेचा, फिक्या सालीचा दुध्या आता जगात फक्त ह्या मांडवावर होता.

बी धरायची रीत तिनं आईकडूनच घेतली होती. वेलीवरचं पहिलं सरळ, निरोगी फळ निवडायचं आणि त्याच्या देठाला चिंधी बांधायची. चिंधी बांधलेल्याला घरात कुणी हात लावत नाही. पाहुणा आला, भाजीला दुसरं काही नसलं, तरी नाही. ते वेलीवरच वाळायचं. बाकीच्यांना अंगठ्याचं नख लावून बघायचं. रुतलं की कोवळं, खुडायचं. तिनं लाल खणाच्या दोन चिंध्या फाडून बांधल्या होत्या, एक दुध्याला, एक दोडक्याला.

खोपीत राहायला लागून नववा दिवस होता. त्या दिवशी मांडवावरचे दोडके खुडलेले होते. पाचही. ओरबाडलेले नव्हते, देठ नखानं नीट कापलेला, वेलीला धक्का नाही, एक पान चुरगळलेलं नाही. लाल चिंधीचा तेवढा जागेवर होता.

२

चोर म्हटला की पहिला संशय पहारेकऱ्यावर, हे सांगायला कुणी लागत नाही. दुर्गाबाई ओढ्याला वळसा घालून तडक वेशीवर गेली.

"लालमियाँ, माझे दोडके गोड होते का?"

लालमियाँ उकिडवा बसून विडी ओढत होता. "कोन्ते दोडके, अक्का?"

"काल पाच होते मांडवावर. आज न्हाईत."

"म्हंजी तुमी आत जाऊन राह्यल्या. हे म्या ऐकलं न्हाई बरं का."

"तुमी ऐकलं न्हाई, खाल्लं तेवढं बराबर."

त्यानं विडी विझवली. "अक्का, सरकारनं मला दोराच्या ह्या बाजूला बसवलं. त्या बाजूला मी थुंकत बी न्हाई. लेकरं हायत मला."

तो खोटं बोलत नव्हता. वेशीकडं पाठ करून बसायचीही त्याला भीती वाटत होती, हे तिनं पाहिलं. तो कडेनं, एक डोळा आत ठेवून बसला होता.

"मंग कोण आल्तं?"

"इथून कुणीच न्हाई. दिवसा मी, रातीला दुसरा. ओढ्याकडून आलं आसन तर तुमालाच ठाव."

ओढ्याकडून येणारी ती एकटीच. चिखलात पावलं होती ती तिचीच, जाणारी आणि येणारी. तरी ती स्वतःला म्हणाली, कुणीतरी भुकेलेलं असेल. माळावर दहा घरं उपाशी आहेत. पाच दोडक्यांवर चोराचं पोट भरत असेल तर भरो.

दुसऱ्या दिवशी ती राख घ्यायला मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरली. बंद घराचा कोंदट वास होता, त्यात उंदरांचा. उतरंड होती तशी. वाकून चुलीतली राख सुपात ओढत असताना बाहेर आवाज झाला. कट्.

लहानसा आवाज. घरात दहा माणसं बोलत असती तर कुणाच्या कानावरही गेला नसता. पण दुर्गाबाईनं तो आयुष्यभर स्वतःच्या अंगठ्याखाली ऐकला होता. देठ तुटल्याचा आवाज.

ती सूप तसंच टाकून बाहेर आली. परसात कुणी नव्हतं. दुध्याच्या वेलीवर एक देठ हलत होता, आणि त्याच्या टोकाशी पाण्याचा थेंब जमत होता.

तिनं उरलेले दुधे एकेक करून बघितले. चिंधी नसलेले लहानमोठे सात होते. प्रत्येकाच्या मानेवर नखाची खूण होती. चंद्रकोरीसारखी, ताजी, अजून ओली. कुणीतरी कोवळा कोणता हे बघून गेलं होतं. लाल चिंधीच्या दुध्याला मात्र हात लागलेला नव्हता. आणि खाली, भिंतीजवळच्या आणखी एका लहान दुध्यालाही चिंधी होती.

निळी. ओली. दुर्गाबाईच्या घरात निळं कापड नव्हतं.

चोर चिंधी बांधत नाही. ती मांडवाखाली उभी राहून हाच एक विचार उलटसुलट करत राहिली. चोराला बियाची काय पडली आहे? तिच्याशिवाय आणखी कुणीतरी इथं बी धरत होतं.

३

साळूबाई खोपींच्या टोकाला राहायची. सकाळी ती सरपण गोळा करत होती, दुपारी थंडी भरली, दुसऱ्या दिवशी गेली. आंघोळ घालायला बायका मिळेनात. जी बाई गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला तेल लावायला धावायची, तिच्या अंगाला हात लावायला कुणी नाही. शेवटी दुर्गाबाई उठली आणि पाणी द्यायला शेजारच्या खोपीतली खैरुनबी.

"खाला, तुमी कामून? तुमची रीत येगळी."

"पानी वतायला रीत कशाची बेटी? साळू माझ्या संगं वीस साल भांडली. आता मी घरात बसू का?"

काखेत गाठ होती, लिंबाएवढी. ते अपेक्षितच होतं. पण मानेवर, कानाच्या जरा खाली, एक बारीक खूण होती. चंद्रकोरीसारखी.

दुर्गाबाईनं वाकून ती जवळून बघितली. मग तिची बुद्धी जागी झाली. तापात माणूस अंग खाजवतं. साळूबाईची नखं वाढलेली होती. गावात कुणाच्या अंगात आलं तर दुर्गाबाई ताटातलं संपवून मग बघायला जायची, असली ती बाई. तिनं खूण चिंचोक्याएवढ्या हळदीनं पुसली. हळद निघाली, खूण राहिली.

"काय बघून राह्यली?" खैरुनबीनं विचारलं.

"काय न्हाई."

खैरुनबीनं पाण्याची घागर कलती केली तेव्हा तिच्या मनगटावरून बाही मागं सरली. आत निळी चिंधी बांधलेली होती.

"हे काय बांधलं, खाला?"

"तुझ्या सासूनं बांधलं आसन. झोपेतून उठले तर हाताला होतं. गोजर लई दृष्टीबिष्टीचं करती. म्हटलं आसू दे, म्हातारीचा जीव."

गोजरबाईला चार हातांवरचं माणूस ओळखू येत नव्हतं. ती अंधूक डोळ्यांनी कुणाच्या मनगटाला गाठ मारणार? त्या संध्याकाळी दुर्गाबाईनं सासूला विचारलं, आणि सासू म्हणाली, "मी? मला सुईत दोरा जाईना, मी गाठी मारत फिरू?"

४

पुंजारामच्या खोपीत चार माणसं होती. तो, त्याची बायको, म्हातारा बाप आणि अंगावरचं लेकरू. पाच दिवसांत तिघं गेली. लेकरू राहिलं, खडखडीत. त्याला खैरुनबीनं उचलून आणलं. त्याच्या पायात निळी चिंधी होती. दुर्गाबाईनं ती पाहिली आणि मान वळवली. ज्याचा अर्थ लागू द्यायचा नाही त्याकडं बघायचं नाही, एवढंच तिला तेव्हा सुचलं. दोन दिवस ती परसाकडं गेलीच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोजरबाई नंदीची वेणी घालत होती.

"दुर्गे, पोरीच्या हाताला हे ओलं कशाला बांधलं? सर्दी व्हईन तिला."

दुर्गाबाई भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच घेऊन ती आली. नंदीच्या डाव्या मनगटाला निळी चिंधी होती. गाठ बारीक, घट्ट, देठाला मारतात तशी.

"नंदे, कुणी बांधलं?"

"मला काय म्हाईत. मी झोपल्ते."

"कुणी आल्तं का खोपीत?"

"न्हाई. तूच आल्ती की. हात धरला, दाबून बघितला, मंग बांधलं."

"मी न्हाई आले."

"मंग तुझ्यावानीच हात होता. खरबुडा."

दुर्गाबाईनं विळा घेतला. गाठ सुटणारी नव्हती, तिनं चिंधी कापली. जे रोगानं मेलेल्यांच्या खोपीत सापडतं ते माझ्या लेकीच्या अंगावर नको, एवढाच तिचा हिशोब होता, आणि कुठल्याही आईचा तोच असता. चिंधी तिनं चुलीत टाकली. ओली होती तरी ती एका श्वासात जळाली. धूर झाला नाही.

गोजरबाई म्हणाली, "बरं केलं."

खैरुनबी दारात लेकरू खांद्यावर घेऊन उभी होती. तिनं स्वतःच्या मनगटावर बाही नीट ओढून घेतली.

५

त्याच दिवशी, उशिरा का होईना, दुर्गाबाई परसाकडं निघाली. चिंधी कुठल्या कापडाची हे बघायचं होतं. बघून काय करणार होती हे तिला सांगता आलं नसतं.

दुपारची उन्हं होती. रिकाम्या गावात भर दुपारी आपल्याच पायांचा आवाज भिंतींवरून परत येतो. बोळातल्या दारांच्या कड्या बंद. चिमण्या गेल्या होत्या. माणसाच्या खरकट्याशिवाय त्याही राहत नाहीत.

दोन दिवस पाणी नाही, म्हणून वेल कोमेजलेली असेल असं ती धरून चालली होती. आळी ओली होती. पोहरा काठावर उलटा घालून ठेवलेला, ती ठेवते तसाच. पानांवर राख धुरळलेली होती.

आणि मांडव मोकळा होता. सातांतला एकही दुध्या नाही, नवा लागलेला दोडका नाही, रोपावर वांगं नाही. सगळं खुडलेलं, देठाशी नीट कापलेलं. राहिली होती फक्त तीन फळं. लाल चिंधीचा दुध्या, लाल चिंधीचा दोडका, आणि निळ्या चिंधीचा तो लहान.

दुर्गाबाई खाली बसली.

तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ही रीत तिचीच होती. बांधलेलं राहतं; बाकीचं, कोवळं लागलं की, खुडतात. खैरुनबी राहिली होती. पुंजारामचं लेकरू राहिलं होतं. कुणीतरी माळावरही वेल बघत फिरत होतं, चांगलं फळ निवडत होतं, आणि त्यात नंदी निवडली होती. नंदीला राखलं होतं. दुर्गाबाईनं आपल्या हातानं, विळ्यानं, तिला सोडवलं होतं.

ती धावत माळावर आली. नंदी खोपीपुढं मातीत रेघा काढत बसली होती. दुर्गाबाईनं तिची मान वळवली, केस बाजूला केले. कानाच्या जरा खाली, अजून ओली, चंद्रकोर.

"दुखतं का गं?"

"न्हाई. कुणीतरी नख लावलं."

"कोण?"

नंदीनं खांदे उडवले.

दुर्गाबाईनं लुगड्याचा काठ फाडला आणि तिच्या मनगटाला बांधला. गाठ मारून हात काढला, गाठ सुटली. पुन्हा बांधली, निरगाठ मारली, दातांनी ओढली. चिंधी गळून मातीत पडली. तिसऱ्यांदा बांधली. पाच मिनिटंही राहिली नाही.

"आज गाठ बी मारता येईना का तुला?" गोजरबाई म्हणाली.

"आत्याबाई, पोरीचं अंग बघा बरं."

गोजरबाईनं नंदीच्या कपाळाला तळवा लावला आणि लगेच काढला नाही. "जरा कोमट हाय," ती म्हणाली. "उन्हात खेळली आसन."

खैरुनबी आपल्या मनगटाची चिंधी सोडवू लागली. नखानं, दातानं. ती सुटेना. तिनंही विळा मागितला.

"नका खाला," दुर्गाबाई म्हणाली. "कापली की जळती. तुमची जाईन आन हिला मिळायची न्हाई. मला ती न कापता आणायला पायजे."

"कुठून?"

दुर्गाबाई तेव्हा ओढ्याकडं चालू लागली होती.

६

मांडवावर उन्हाची तिरीप आली होती. निळ्या चिंधीचा दुध्या भिंतीजवळ, पानांच्या आत लोंबत होता. दुर्गाबाई गुडघ्यांवर बसली आणि गाठीशी बोटं नेली.

गाठीवर आधीच बोटं होती.

पानांतून एक हात बाहेर आला होता, कोपरापर्यंत. पलीकडं काही नव्हतं. मांडव भिंतीला टेकलेला, पान आणि माती यांच्यात वीतभर जागा, तिथं मांजर बसलं नसतं. हात बाईचा होता की नाही, सांगता आलं नसतं. कष्टाचा होता. चरे पडलेला, खरबुडा. अंगठ्याचं नख हिरवं झालं होतं, भाजी खुडणाऱ्याचं होतं तसं.

पळावं असं दुर्गाबाईच्या पायांना वाटलं, आणि पाय उठले नाहीत. मग ती बोलली, शेजारणीशी बोलावं तितक्याच हळू.

"माझी चूक झाली. तुमी धरलेली मी सोडली."

हात हलला नाही.

"पोर हाय माझी. एकच हाय. चिंधी द्या."

भिंतीवरून एक पान घरंगळत खाली आलं. त्या हातानं गाठ सोडली. किती सहज सुटली ती. निळी चिंधी त्या बोटांत लोंबत राहिली, दिली नाही, घेतली नाही. दुध्या आता मोकळा होता, नुसता. अंगठा त्याच्या मानेवर टेकला. मग तिथून उठला आणि दुर्गाबाईच्या दिशेनं वळला, आणि तसाच थांबला.

बाजारात असं थांबतात. समोरच्यानं आपलं काय ते पुढं करायचं असतं.

दुर्गाबाईनं बाही वर सारली आणि उजवा हात पुढं केला. नख थंड होतं. मनगटापासून ते वर सरकत आलं, सावकाश, एकेक बोट अंतर सोडून दाबत, आणि कोपराच्या वर, दंडाच्या मऊ भागात आलं तेव्हा रुतलं.

तिनं हात मागं घेतला नाही. डोळे मिटले. कट् असा आवाज कानात अगदी जवळ झाला. डोळे उघडले तेव्हा मांडवावर पानं होती, भिंत होती, आणि तिच्या मुठीत ओली निळी चिंधी.

माळ दिसू लागल्यावर ती खोपींपासून वीस पावलांवर थांबली. दंडात ठणका सुरू झाला होता, काखेकडं सरकत होता.

"आत्याबाई. खाला. कुणी हिकडं येऊ नका."

"काय झालं?" गोजरबाई डोळे बारीक करून आवाजाकडं बघत होती.

दुर्गाबाईनं चिंधी दगडाला गुंडाळून खैरुनबीच्या पायांशी टाकली. "नंदीच्या हाताला बांधा. खाला, तुमी बांधा, माझ्या हातची राहात न्हाई."

खैरुनबीनं लेकरू खाली ठेवलं आणि बांधली. बोटांनी ओढून बघितली, पुन्हा बघितली.

"बसली का गाठ?"

"बसली, बेटी."

"कपाळ बघा."

खैरुनबीनं तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग तिनं मान हलवली आणि पदर डोळ्यांना लावला. "थंड हाय. बिलकुल थंड."

दुर्गाबाई तिथंच ढेकळांत बसली. पाय टेकले तसं सगळं अंग जड झालं.

"आई," नंदी म्हणाली, आणि खैरुनबीच्या हातातून सुटून पळत निघाली. "आई, मला भूक लागली."

दुर्गाबाईनं डाव्या हातानं एक ढेकूळ उचललं आणि पोरीवर उगारलं. नंदी थबकली. आईनं आजवर तिच्यावर हात उगारला नव्हता. तिचे ओठ वाकडे झाले, पण ती पुढं आली नाही.